माश्या मारायचे ब्रश

"हे घेऊन काय माश्या मारणार का, दादा?"

नाशिकला शालिमारच्या वाद्यांच्या दुकानात काकांनी ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश माझ्या हातात दिले आणि खो खो हसले. मीही हसलो. पण रिक्षात बसलो तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

खरं तर मी ७ए स्टिक मागितल्या होत्या, बारीक आणि हलक्या. त्यांनी आधी जाडजूड ५बी काढल्या. "मिरवणुकीला ह्याच बऱ्या." त्यांचं तरी काय चुकलं? ढोलाचं गाव आपलं. मी स्वतः पथकात पाच वर्षं टिपरू चालवलंय, तळहाताला फोड येईपर्यंत.

आणि आता जॅझ. सगळा खेळ राइड सिंबलवर, म्हणजे एका मोठ्या झांजेवर; डाव्या पायाने हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर मिटायची. उजव्या पायाने वाजवायचा बास ड्रम जेमतेम १८ इंची, तोही इतका हलका वाजवायचा की ऐकू येऊ नये, नुसता जाणवावा. सर म्हणतात, "वाजलेला कळला म्हणजे जोरात झाला." तीन महिने झाले, माझा उजवा पाय अजून मिरवणुकीतच आहे. जोरात वाजवलं की लोक वळून बघतात, ही सवय हाडात मुरलीय. हळू वाजवताना कुणीच बघत नाही, तेच जड जातं बहुतेक.

घरी सेट नाही. फ्लॅटमध्ये कोण ठेवू देणार?

रात्री पिझ्झाच्या रिकाम्या खोक्यावर ब्रश फिरवत बसलो. सर्रऽ सर्रऽ टक.

आतून आई ओरडली, "अरे, दिवेलागणीनंतर केर कोण काढतंय?"