‘सर, हे नॉर्मल आहे’: नवी गाडी आणि ४१ दिवस

गाडी कशी निवडली, कर्ज किती टक्क्यांनी मिळालं, रंग कोणी ठरवला, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. ते सगळं बिनबोभाट झालं. पाडव्याला डिलिव्हरी मिळाली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं फोडली आणि एमएच १५ची पाटी मिरवत गाडी नाशिकच्या इंदिरानगरात दारात आली. लिहायचंय ते पहिल्या बिघाडानंतरच्या ४१ दिवसांबद्दल, आणि त्यातही एका टेबलाबद्दल. सर्व्हिस सेंटरमध्ये शिरल्या शिरल्या ते टेबल लागतं. तिथे सर्व्हिस ॲडव्हायजर टॅब घेऊन बसतो आणि आपली तक्रार ‘लिहून घेतो’.

चैत्रातली यात्रा उलटल्यावर आईला सप्तशृंगी गडावर न्यायचं ठरलं होतं. दिंडोरी, वणी, नांदुरीपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मीटरवर ८६४ किलोमीटर. नांदुरीहून घाट चढायला लागलो. पाच माणसं, एसी चालू, दुपारचे बारा. एका वळणावर दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने उचकी दिली. मग दुसरी. मग अख्खी गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग, दारातल्या पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळंच. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागून आई म्हणाली, “अरे, हिला दम लागलाय. थांब जरा.”

थांबलो. वीस मिनिटांनी गाडी सुरू केली तर जणू काही झालंच नव्हतं. दिवा तेवढा पेटलेला, पण आता न लुकलुकता.

हा फरक तेव्हा मला माहीत नव्हता. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवत वर्कशॉपला न्यावी. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जातंय आणि त्या वाटेवरचा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने भाजून निघू शकतो. तो भाग महाग असतो. तेव्हा लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा, जागा बघून थांबायचं. आईचं निदान बरोबर होतं.

आता ते टेबल.

पहिली फेरी दुसऱ्याच दिवशी. ॲडव्हायजर विशी-पंचविशीतला, गोड बोलणारा. मी वळण, गिअर, एसी, थरथर, लुकलुक असं सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि टॅबवर दोन ठिकाणी बोट लावलं. गाडी आत गेली, पाऊण तासात बाहेर आली, दिवा गायब. “सर, स्कॅन करून क्लिअर केलंय. नवीन इंजिन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. हे नॉर्मल आहे.” मीही खूश होऊन घरी आलो. रात्री जॉब कार्डची, म्हणजे टॅबवरच्या त्या नोंदीची, प्रत नीट वाचली. तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द होते: जनरल चेकअप.

मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीत आहे. आमच्याकडचा पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आला तर पहिला नियम असा की आलेल्या अवस्थेत त्याची नोंद होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. इथे उलटं झालं होतं. इंजिनाच्या कंट्रोल युनिटने, म्हणजे त्याच्या छोट्या संगणकाने, मिसफायरचा कोड (बिघाडाचा सांकेतिक नंबर) साठवून ठेवला होता. त्याच्यासोबत त्या क्षणीचा वेग, आरपीएम, लोड, तापमान असा एक गोठवलेला फोटो असतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड क्लिअर केला की तोही पुसला जातो. म्हणजे माझा एकमेव साक्षीदार त्यांनी पाऊण तासात गप्प केला होता, आणि कागदोपत्री मी गाडी नुसती दाखवायला नेली होती.

म्हणून आत्ताच सांगतो, नंतर विसरेन: टॅबवर सही करण्याआधी तो आपल्याकडे फिरवून घ्या आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. “पर्याय नाहीये सर” असं म्हणतील, कारण यादीत ‘पिकअप कमी’, ‘आवाज’ असे ठरावीक पर्याय असतात. पण खाली रिमार्कची जागा असते. त्यात लिहायला लावा: ‘घाटात चढताना इंजिन थरथरते, इंजिनाचा दिवा लुकलुकतो, कोड क्लिअर करण्याआधी प्रिंट द्यावी.’ मला हे तिसऱ्या फेरीत कळलं.

दुसरी फेरी दहा दिवसांनी. मुंबईहून परत येताना कसारा घाटात तोच प्रकार झाला. या वेळी बायकोने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तिच्या आवाजातलं “अहो, बाजूला घ्या ना” त्यात स्पष्ट ऐकू येतं. पण शनिवारपर्यंत सुट्टी मिळाली नाही, आणि तोवर अंबडच्या सपाट रस्त्यावर ये-जा करता करता दिवा आपोआप विझला. (गाडी सलग तीन वेळा बिनदोष चालली की तो विझतो, पण कोड आत राहतो.) दिवाच नाही म्हटल्यावर ॲडव्हायजरने स्कॅनरही लावला नाही. व्हिडिओ पाहिला, “रस्ता खराब असेल सर” म्हणाला आणि विचारलं, “पेट्रोल कुठे भरता?” मग ८५० रुपयांचं इंजेक्टर क्लीनर सुचवलं. १,५०० किलोमीटर चाललेल्या इंजिनाला! मी नको म्हटलं, तर कार्डावर ‘ग्राहकाने नकार दिला’ एवढं मात्र अगदी तत्परतेने लिहिलं.

पेट्रोलवर आळ घेतलाच होता म्हणून मी नेहमीच्या पंपावर जाऊन फिल्टर पेपर चाचणी मागितली. ती आपला हक्क आहे. पाच लिटरच्या मापाने मोजूनही मागता येतं. पंपावरच्या पोऱ्याने नोझल पुसलं, कागदावर थेंब टाकला, दोन मिनिटांत तो उडून गेला, डाग नाही. याने पेट्रोल शंभर टक्के शुद्ध ठरत नाही, पण मी फोटो आणि बिलं फाइलला लावली. फाइल हा शब्द इथे पहिल्यांदा आला.

त्याच संध्याकाळी हजाराच्या आत मिळणारा, असे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या पोटाशी त्याचं सॉकेट असतं. तो आला, लावला, मोबाइलवर कोड उमटला: पी०३०२. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. खाली फ्रीझ फ्रेम: २,९०० आरपीएम, वेग ३८, लोड नव्वद टक्क्यांच्या पुढे, कूलंट ९६ अंश. रस्ता खराब म्हणे! पार्किंगमध्ये एकट्यानेच हसलो. राग आला होता, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी वेडा नव्हतो.

माझं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. त्यातला एक गप्प बसला की उरलेले दोन गाडी ओढतात, म्हणून ती थरथर. प्रत्येक सिलिंडरवर एक इग्निशन कॉइल असते, ती ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करते. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल आतून कच्ची असेल तर नेमकी गरम होऊन ताण आल्यावर दगा देते आणि थंड झाली की साळसूद. सर्व्हिस सेंटरला गाडी पोचते तेव्हा ती साळसूदच असते.

तिसरी फेरी. स्क्रीनशॉट दाखवले. या वेळी टेबलाच्या मागून मॅनेजर उठून आले. म्हणाले, “बाहेरचं डिव्हाइस लावलंत तर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल.” मी वॉरंटीची पुस्तिका पुढे केली आणि कुठल्या पानावर लिहिलंय ते विचारलं. त्यांनी पान उलटलं नाही. (तरी, वाचून झालं की स्कॅनर काढून ठेवावा, कायमचा लावून फिरू नये. आणि वायर कापून बाहेरून दिवे, म्युझिक सिस्टिम वगैरे काही बसवलं असेल तर मात्र त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.) गाडी तीन दिवस ठेवून घेतली. मी अंबडला शेअर रिक्षाने गेलो. चौथ्या दिवशी फोन आला, “सर, टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रॉब्लेम दिसत नाही.” गाडी सोडताना मीटरचा फोटो काढला होता. परत घेताना आकडा पाहिला: चार किलोमीटर. तीन दिवसांत चार! एमआयडीसीतल्या गुळगुळीत रस्त्यावर, एकट्या माणसाने, बहुधा एसी बंद ठेवून. कोड पुन्हा पुसलेला, प्रिंट नाही. कार्डावर ‘निरीक्षण केले, ठीक आढळले’.

खरं सांगायचं तर हे वाक्य मी स्वतः कामावर किती तरी वेळा लिहिलंय. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला पार्ट टेबलावर तपासायचा, मापात बसला की ‘दोष आढळला नाही’ लिहून मोकळं व्हायचं. तो त्यांच्या मशीनवर, त्यांच्या उष्णतेत कसा वागतो ते बघायला कोण जाणार? त्या दिवशी कार्ड हातात घेऊन गेटवर उभा असताना जरा खजील झालो. पण राग गेला नाही.

त्या गेटवरच एक टेक्निशियन पोरगा चहा पीत होता. हळूच म्हणाला, “भाऊ, दोन नंबरची कॉइल असणार. पण आमच्या मशीनवर कोड लाइव्ह दिसल्याशिवाय वॉरंटी क्लेम कंपनीकडून पास होत नाही. नाकारला की पार्टचे पैसे डीलरच्या अंगावर. गाडी घाटात न्यायला सांगा त्यांना.” इतके दिवस मी त्यांना दोष समजावून सांगत होतो. त्यांना समजला होता की! त्यांना हवा होता क्लेमला जोडण्यापुरता पुरावा, आणि तो मिळवायला कसाऱ्यापर्यंत जायची कोणाची तयारी नव्हती.

त्या रात्री कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला, डीलरला प्रत. तोच मजकूर स्पीड पोस्टने. शिव्या नाहीत, विशेषणं नाहीत. तारखा, मीटरचे आकडे, तीन जॉब कार्डं, व्हिडिओ, स्क्रीनशॉट. मागणी एकच: माझ्या उपस्थितीत, तुमचा स्कॅनर लावून, कसारा घाटात टेस्ट ड्राइव्ह. शेवटी लिहिलं की सात दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि आपल्याला नंबर मिळतो.

आयोगाचं मी धमकी म्हणून लिहिलं नव्हतं, माहिती काढली होती. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते; कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. मोजलेली किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर फी २०० रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही. पण नवी गाडी बदलून मिळेल या आशेने जाणार असाल तर सबुरीने घ्या. दोष मुळातला आहे हे सिद्ध करावं लागतं, त्याला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो, आणि वर ‘जनरल चेकअप’ लिहिलेली कार्डं असतील तर वकील काय करणार? (मेव्हणा म्हणत होता इन्शुरन्समधून करून घे. होत नाही. अपघात नसताना झालेला यांत्रिक बिघाड मोटार पॉलिसीत बसत नाही, घसारा न कापणारी ‘झिरो डेप’ असली तरी.)

पाचव्या दिवशी फोन आला. आवाज वेगळा, ‘सर’ तोच.

जूनचा पहिला आठवडा, ढगाळ, चिकट उकाडा. मी गाडी चालवायला, शेजारी तोच चहावाला टेक्निशियन मांडीवर लॅपटॉप घेऊन, मागे ॲडव्हायजर. वजन हवं म्हणून मी माझ्या दोन मित्रांनाही कोंबलं. एसी फुल. पाथर्डी फाटा, घोटीचा टोल (माझ्या फास्टॅगमधून), इगतपुरी, घाट उतरून कसाऱ्याजवळून वळलो आणि चढायला लागलो. पहिली दोन वळणं काहीच नाही. मला घाम फुटला. आजच नेमकी शहाण्यासारखी वागली तर? तिसऱ्या वळणावर उचकी आली आणि मी चक्क “आली, आली!” असं ओरडलो. लॅपटॉपवर दोन नंबरच्या सिलिंडरच्या मिसफायरचा आकडा भराभर वाढत होता. टेक्निशियनने आधी स्क्रीन सेव्ह केली. मग गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, जरा निवू दिलं, दोन नंबरची कॉइल एकवर आणि एकची दोनवर लावली. पुन्हा चढलो. मिसफायर एक नंबरवर गेला. कॉइलबरोबर दुखणंही सरकलं, म्हणजे कॉइलच. रस्त्याकडेला वीस मिनिटांचं काम. मी घड्याळ लावलं होतं.

मागच्या सीटवरून ॲडव्हायजर म्हणाला, “हो सर, हे नॉर्मल नाहीये.”

दोन दिवसांत तिन्ही कॉइल आणि प्लग बदलून मिळाले. एक बदलणार होते, मी तिन्हींचा हट्ट धरला. एका कॉइलची किंमत विचारली तर अडीच हजारांच्या आत. त्यासाठी ४१ दिवस, चार फेऱ्या, तीन रजा. शेवटच्या जॉब कार्डवर ‘मिसफायर’ शब्द यावा म्हणून पुन्हा त्या टेबलाशी अर्धा तास बसलो. आला.

नंतर ॲडव्हायजरचा दोनदा फोन आला, “सर, कंपनीतून फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या हं.” टेक्निशियनला दहा दिले. बाकीच्यांचे सांगत नाही.

आणि एक राहिलंच. वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनीकडे परत जातो, आपल्याला मिळत नाही. तो खोक्यात जाण्याआधी त्यावरच्या नंबरसकट फोटो काढून घ्या. माझ्या फाइलमध्ये तो शेवटचा कागद आहे. गाडी विकेपर्यंत फाइल टाकणार नाही.