सुवर्णपिंपळाच्या फेऱ्या

आषाढीचं पंढरपूर सगळ्यांना ठाऊक असतं. पण आमच्याकडच्या आगरी-कोळी गावांतून पायी दिंड्या निघतात त्या कार्तिकात, आळंदीला, माउलींच्या समाधी सोहळ्याला. घणसोलीतून निघालेली यंदाची दिंडी ही माझी पहिली वारी. ह्यांची तिसरी.

पहाटे चारला देवळात अभंग झाला आणि तुळशीवृंदावन माझ्या डोक्यावर आलं. पितळी, चांगलंच जड, खाली जुन्या लुगड्याची चुंबळ. ठाणे-बेलापूर रोडला लागलो तेव्हा अजून अंधार होता. रात्रपाळी सुटलेली माणसं कंपन्यांच्या गेटवर हात जोडून उभी राहत होती, एकदोघं टोपी काढून पाया पडले. वारा फिरला की केमिकलचा वास यायचा आणि त्यातच बुक्क्याचा, ओल्या तुळशीचा. कुंडीतलं पाणी चालताना हिंदकळून कपाळावर ओघळायचं. पुसायला हात मोकळा नसायचा. हे पुढे टाळकऱ्यांच्या ओळीत होते.

दोन वर्षांपूर्वी हे एका मठातल्या शिबिराला गेले आणि येताना ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन आले. आजन्म. मला कळलं ते त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं तेव्हा. मुलगी सातवीत होती. तिला सांगितलं, बाबांना पंख्याचा वारा सोसत नाही.

राग व्रताचा नव्हता. गळ्यात माळ घातली तेव्हा ह्यांनी मला आठ दिवस आधी विचारलं होतं. माळ म्हणजे दारू-मांस बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. आगऱ्याच्या घरातून मासळी जाणं ही काय साधी गोष्ट आहे? तरी सुक्या बोंबलांची पिशवी मी स्वतः जावेकडे नेऊन दिली. घरात काय शिजेल ते दोघांनी मिळून ठरवलं. आणि ज्यात माझा देह, माझं अर्धं आयुष्य, तिथे मला नुसतं कळवलं.

तुर्भ्याच्या पुलाखाली शेजारून चालणाऱ्या आजींनी विचारलं, "नवऱ्याशी बोलत नाय का गो बाय?"

"वारीत बायका वेगळ्या, पुरुष वेगळे ना, आजी."

"त्यो नेम वारीपुरता. तुझ्या तोंडावर घरचा हाय."

मी वृंदावन त्यांच्या डोक्यावर दिलं आणि पदराने तोंड पुसलं.

पहिला मुक्काम पनवेलच्या अलीकडे, कळंबोलीला. संध्याकाळी हरिपाठ उभा राहिला. लहानपणापासून पाठ असलेला पहिलाच अभंग, आणि त्यातलं "असोनि संसारी" ओठांवर आलं तशी मी थांबलेच. संसारात असूनच नाम घे, हे सांगणारे ज्ञानदेव स्वतः अविवाहित. चारही भावंडं तशीच. आणि ज्यांना गाव संन्याशाची पोरं म्हणायचं, ती.

रात्री कीर्तनात बुवांनी विठ्ठलपंतांची कथा लावली. लग्न झालेलं, तरी मन विरक्त. बायको बेसावध असताना तिच्या तोंडून 'जा' वदवून घेतलं म्हणतात, आणि काशीला जाऊन घरदार नाही असं सांगून संन्यास घेतला. इकडे आळंदीत रुक्मिणीबाई अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत राहिल्या, बारा वर्षं. एके दिवशी गुरू यात्रेला निघालेले तिथे उतरले, तिने वाकून नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती भव म्हटलं. ती हसली. मग सगळं उलगडलं, आणि गुरूंनीच शिष्याला परत संसारात धाडलं. बुवांनी पुढचा वेळ मुलांच्या छळाला दिला, देहान्त प्रायश्चित्ताला दिला. माझं मन त्या फेऱ्यांमध्येच अडकलं. ज्या गुरूने संन्यास दिला त्यानेच तो मागे घ्यायला लावला, कारण मागे एक बाई उभी आहे हे त्याला कळलं. शिबिरात ह्यांना कुणी विचारलं असेल का, घरी कोण आहे?

आपल्या संतांत दोन्ही वाटा आहेत, आणि एक उंच, दुसरी खाली असं मी कधी ऐकलं नाही. समर्थ बोहल्यावरून निघून गेले, त्यांना कुणी कमी म्हणत नाही. जनाबाई एकटीच राहिली. पण एकनाथांना गिरिजाबाई होत्या, नामदेवांना राजाई, आणि चोखोबांच्या घरात सोयराबाईने स्वतः अभंग रचले. बहिणाबाईंचं मात्र वाचताना जीव गोळा होतो. तुकोबांचा उपदेश घेतला म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, तरी संसार सोडला नाही. ती तिची निवड होती की तिला दुसरी वाटच नव्हती, हे मला अजून सुटलेलं नाही.

खोपोलीनंतर बोरघाट. तळपायाला फोड आले, एवढंच सांगते. देहूत आवलीची आठवण आली. डोंगरावर नामात बसलेल्या नवऱ्याला भाकरी पोचवणारी ती, आणि लोकांनी तिला कजाग ठरवलं. घरात दाणा नसताना पोरांना कोण बघत होतं?

आळंदीत दर्शनाची रांग सरता सरेना. समाधीचं दर्शन झालं आणि मी आवारातल्या सुवर्णपिंपळापाशी गेले. हाच तो, रुक्मिणीबाईंचा. चपला नव्हत्याच, फोडांवर चिंधी बांधलेली. मी फेऱ्या घालायला लागले. मागितलं काहीच नाही. ह्यांचं व्रत मोडावं असंही नाही.

कितव्या तरी फेरीला हे पारापाशी दिसले. टाळ गळ्यात, हात मोकळे.

"कीर्तनात ऐकलं," हे म्हणाले. "मी तुला विचारलं नव्हतं."

"नाही."

बराच वेळ गेला. मागून येणाऱ्या बायका आम्हाला वळसा घालून जात होत्या.

"आता विचारलं तर?"

"तर नीट विचारा. आणि मी नाही म्हणाले तर काय करणार, ते आधी ठरवून विचारा."

हे काही बोलले नाहीत. मी पुढे चालू लागले तसे माझ्यामागून येऊ लागले, एक पाऊल अंतर ठेवून. दुसऱ्या फेरीला ते अंतरही राहिलं नाही. तिसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं.

उत्तर मी इथे लिहिणार नाही, ते आमच्या दोघांचं आहे. मग आम्ही इंद्रायणीवर गेलो. पायाची चिंधी रक्ताने चिकटली होती, ती ह्यांनी पाण्यात भिजवून हळूहळू सोडवली.