ग्रेट्झ्कीचा सौदा आणि चिंचलीचा बैल

इथं कॅनडात धक्का आपला लागला तरी सॉरी समोरचाच म्हणतो. चार वर्षांत ऑफिसात कुणाचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. परवा डबा खाताना ऐकला, आणि कारण मीच. मी एवढंच बोललो होतो, की आइस हॉकीतल्या ग्रेट्झ्कीला दुसऱ्या संघाला देऊन एडमंटनच्या संघाचं तसं काही बिघडलं नाही. साठीला आलेल्या, कायम हसतमुख सहकाऱ्यानं काटाचमचा खाली ठेवला.

9 ऑगस्ट 1988. त्या दिवशी एडमंटन ऑयलर्सनी वेन ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिस किंग्जकडे धाडलं. वय 27, पाच मोसमांत चार स्टॅन्ली कप, म्हणजे या हॉकीतलं सर्वोच्च विजेतेपद, जिंकून दिलेले. सोबत आणखी दोन खेळाडू. बदल्यात जिमी कार्सन, कोवळा मार्टिन जेलिना, नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीतले तीन हक्क आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर. सरकारनं हा सौदा अडवावा, अशी मागणी एका खासदारानं केली होती! ग्रेट्झ्कीचा पुतळा आजही ऑयलर्सच्या स्टेडियमबाहेर, रॉजर्स प्लेसपाशी, कप उचलून उभा आहे.

माझा हिशेब साधा होता. कार्सन इथं रमला नाही, तर सव्वा वर्षात त्याला डेट्रॉइटला पाठवून क्लिमा, मर्फी, ग्रेव्ह्ज असे गडी आणले. मर्फी, ग्रेव्ह्ज आणि जेलिना या पोरांच्या जोरावर 1990 चा कप ग्रेट्झ्कीशिवाय आला. बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीतला पहिला सामना तिसऱ्या जादा वेळेपर्यंत लांबला, तो मिटवणारा गोल क्लिमाचा. ग्रेट्झ्कीला मात्र पुन्हा कप मिळाला नाही. किंग्ज 1993 ला अंतिम फेरीत पोचले आणि माँट्रियलकडून हरले. मग महाग कुणाला पडलं?

‘1989 ला आम्हाला पहिल्याच फेरीत कुणी बाहेर काढलं, सांग,’ सहकारी म्हणाला. किंग्जनीच. ग्रेट्झ्कीसकट. मी गप्प. वर ‘तुला हॉकी कशी कळणार’ असा सूर लागला, तेव्हा मात्र राहवलं नाही. आमच्या बेळगावच्या बंडू पाटलांनी 1964 ला टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण आणलंय, म्हणून सांगितलं. ‘ओह, गवतावरची हॉकी,’ असं तो इतक्या प्रेमानं म्हणाला, की त्यापेक्षा भांडला असता तर बरं. आणि दुसऱ्यांनी परस्पर केलेल्या वाटपाचा हिशेब आम्हा सीमाभागवाल्यांना कुणी शिकवू नये. 1956 पासून तोच तर करतोय.

रात्री येळ्ळूरला काकांना फोन लावला. काकांनी एकदा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत आपला खिलार दिला, रुमालाखाली बोटं दाबून, आणि दोन खोंडं अन् वर रोख घेऊन आले. एक खोंड लंगडं निघालं. ते देऊन गाय घेतली, त्या गाईच्या दुधावर आम्ही सगळी पोरं वाढलो. काकी अजून त्या खिलारासाठी हळहळते. गाईचं नावसुद्धा काढत नाही. मला वाटलं, काका माझीच बाजू घेणार.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

‘ते दीड कोटी कुणी घेतले म्हणालास?’

‘मालकानं, काका.’

‘मग खेळाडूंची बेरीज-वजाबाकी काय करालास? विकणाऱ्याला पैसा पायजे हुता, मिळाला. कप आला तो त्या पोरांच्या घामानं. त्यानं सौद्याला शाबासकी कशी मिळंल?’

‘पण तुमच्या खिलाराचं...’

‘माझे पैसे घरात आले, बाबा. त्याचे कुठं गेले?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहकाऱ्यापाशीही नसावं, पण त्याला ते विचारण्याइतका शहाणपणा मी दुपारी दाखवला नाही. कार्सनचे क्लिमा आणि ग्रेव्ह्ज झाले, यावरच खूश होतो. तरी 1990 चा कप हिशेबातून अजिबात काढून टाकायला मी तयार नाही, हे इथं लिहून ठेवतो.

फोन ठेवताना काकी मधेच म्हणाली, ‘तू गेलास तिकडं, घराला काय मिळालं रे?’ हसतच म्हणाली. मागच्या पावसाळ्याआधी जुनी कौलं काढून स्लॅब टाकला, त्याचे पैसे कुठून आले ते तिला ठाऊक आहे. मी काही बोललो नाही. तुम्हाला सांगतोय.