आत काही ठेवू नये

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. "वडिलांच्या एका पत्रानं तू मार्गाला लागलास म्हणतोस, मग पोरीला तसं पत्र का लिहीत नाहीस?" मुलगी नीटसाठी लातूरला गेल्यापासून चौघापाचांनी हे ऐकवलंय. 1995 साली बारावीला मीही लातुरातच होतो.

मार्गाला लागलो, हे खरं. पहिल्या चाचणीत फिजिक्सला पन्नासात नऊ पडले तेव्हा मी घरी कळवलं, हे माझ्याच्यानं होत नाही, गावी येतो. आठ दिवसांनी निळं आंतर्देशीय आलं. अनेक आशीर्वाद, इकडील सर्व खुशाल, आणि मग: "जमत नसेल तर खुशाल परत ये. रब्बीच्या पेरणीला माणूस लागतोच. क्लासच्या फीसाठी म्हैस विकली, पण ते तू मनाला लावून घेऊ नकोस."

आंतर्देशीयावर छापलेलं असायचं, आत काही ठेवू नये. अण्णांनी अख्खी म्हैस ठेवली होती. ते रागावले असते तर मी त्याच दिवशी बॅग उचलली असती. पण इथं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात म्हैस आडवी! पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्या रात्री तिघं झोपले आणि मी पुस्तक उघडलं. जिद्दीनं पेटलो वगैरे मी निरोपसमारंभात सांगतो. खरं तर घाबरलो होतो.

दिवाळीला एसटीतून उतरून घरी आलो, तर म्हैस दावणीला. आरामात रवंथ करत होती. मी पाहतच राहिलो. आई म्हणाली, "हातपाय धू आधी." अण्णा आंबोण कालवत होते. विचारलं तर वर न बघता म्हणाले, "गिऱ्हाईक फिरलं." बस, एवढंच. मला बरं वाटायला हवं होतं. मी दोन दिवस तिच्या दुधाचा चहा घेतला नाही.

पंचविशीत मी याला सरळ फसवणूक म्हणायचो. पुढं वाटायला लागलं, गिऱ्हाईक खरंच फिरलं असेल. बाजारात होतं असं. आणि फी तर भरलेली होती. कुठून, ते अण्णा असेपर्यंत मी विचारलं नाही. विचारायचं नव्हतं, असंही असेल.

नेहरूंचा दाखला मात्र देऊ नका. 1928 च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला त्यांनी अलाहाबादहून लिहिलं ते पृथ्वी कशी झाली, माणूस कुठून आला, याबद्दल. त्या घरात फीसाठी गोठ्याकडे बघावं लागत नव्हतं.

आणि मी लिहिलंच नाही असंही नाही. क्लास सुरू झाला तेव्हा पोरीला व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवली होती, अगदी साध्या मनानं: "फीचं टेन्शन घेऊ नकोस."

तिचं लगेच उत्तर आलं, "किती भरली?"