वाढदिवसाचा साधा बटर केक: फेटण्यावर सगळी भिस्त

वाढदिवसाला घरी करायच्या केकमध्ये साधा व्हॅनिला बटर केक सगळ्यात भरवशाचा. प्रमाण पाठ करायलाही सोपं. चार अंडी कवचासकट तोलायची आणि जे वजन भरेल तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा घ्यायचा. मध्यम आकाराची चार अंडी साधारण २२० ग्रॅम भरतात. शिवाय बेकिंग पावडर दोन सपाट छोटे चमचे, व्हॅनिला एक छोटा चमचा, दूध दोन मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ. बटर खारं असेल तर मीठ नको. कपाने मोजू नका. मैदा दाबून भरला की कपामागे वीस-तीस ग्रॅम सहज जास्त जातो आणि केक कोरडा होतो.

आता बटर. बोटाने दाबल्यावर खड्डा पडावा, पण बोटाला तेल लागू नये. वितळलेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही, त्यामुळे घाईत मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलेलं बटर या केकला चालत नाही. फार घट्ट असेल तर तुकडे करून बाहेर ठेवा. साखर बारीक दाण्याची हवी. जाड असेल तर मिक्सरमधून क्षणभर फिरवा, पण पिठी करू नका, कारण दाण्यांच्या कडांमुळेच बटरमध्ये हवा भरली जाते. हँड मिक्सरने चार-पाच मिनिटं आणि हाताने किमान दहा मिनिटं फेटायचं. रंग फिका झाला, मिश्रण हलकं झालं की पुढे जा. इथे कंटाळा केला तर पुढे काहीही करून भरपाई होत नाही: बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, फेटताना अडकलेले बुडबुडेच ती मोठे करते. चमचाभर पावडर जास्त घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तसा केक भराभर वर येतो आणि मध्येच बसतो.

अंडी फ्रिजमधली थेट घालू नका. पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि एकेक करून घाला, दर वेळी नीट एकजीव होऊ द्या. मिश्रण फुटल्यासारखं रवाळ दिसलं तर मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा घालून फेटा, सावरतं.

उरलेला मैदा बेकिंग पावडर आणि मीठ घालून दोनदा चाळा. मग मिक्सर बाजूला ठेवून स्पॅच्युलाने दोन-तीन भागांत हलक्या हाताने मिसळा, शेवटी दूध आणि व्हॅनिला घाला. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबायचं. जास्त घोटलं की केक चिवट होतो आणि कापल्यावर आत लांबट भोकं दिसतात.

वीस सेंटिमीटरचे दोन टिन, तळाला बटर पेपर. आधीच तापवलेला ओव्हन १८० अंशांवर, पंखा चालू असेल तर १६०. पंचवीस ते तीस मिनिटं. सगळं एकाच खोल टिनमध्ये घातलं तर १० ते २० अंश कमी ठेवा आणि पन्नास-साठ मिनिटं धरा. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका. वर डोंगर होऊन तडा गेला तर ओव्हन जास्त गरम होता. घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतलं तापमान बऱ्याचदा जुळत नाही, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्याच. मधोमध काडी घालून ती कोरडी निघाली आणि कडा टिनपासून सुटल्या की झाला.

टिनमध्ये दहाच मिनिटं ठेवा, मग जाळीवर काढा. टिनमध्येच राहू दिला तर वाफेने तळ ओलसर होतो.

आयसिंगसाठी १५० ग्रॅम मऊ बटर, ३०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि एक-दोन चमचे दूध पुरतं. केक पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका, नाहीतर ते वितळून कडेने ओघळतं. केक आदल्या दिवशी भाजला तरी चालतो. फक्त फ्रिजमध्ये नको, तिथे तो लवकर कडक होतो. घट्ट गुंडाळून बाहेरच ठेवा. त्याहून आधी करायचा असेल तर आयसिंग न लावता फ्रीझरमध्ये टाका. तिथे तो महिनाभर चांगला राहतो. बाहेर काढल्यावर वेष्टन तसंच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.