व्लतावा: रात्रीचं चांदणं जमलं, आता प्रपाताचं बघू

जमलं मंडळी! चेक संगीतकार स्मेतानाची ‘व्लतावा’ ही त्या नावाच्या नदीचा प्रवास सांगणारी वाद्यवृंदाची रचना आपण वाजवतोय, आणि सोबत पडद्यावर चित्रं दाखवतोय. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा त्यातला रात्रीचा भाग गाळायच्या बेतात होतो. बाकीचं मार्गी लागलंय. उगमाचे दोन झरे दोन फ्लूटवर, पडद्यावर नदी जिथे उगम पावते ते शुमावाचं जंगल. शिकारीचे हॉर्न आपल्याकडे कीबोर्डच वाजवतो, त्याला इलाज नाही. लग्नाच्या पोल्काला चेक पोशाखातली नाचणारी मंडळी पडद्यावर आली की वादकच माना वर करून बघत बसतात.

रात्र मात्र पिच्छा सोडत नव्हती. व्हायोलिनला म्यूट (आवाज दबवणारे चिमटे) चढतात, सूर अगदी हलके होतात आणि नेमका तेव्हाच पडदा राखाडी. नदीचं काळं पाणी अर्धवट पुसलेल्या पाटीसारखं दिसायचं. प्रोजेक्टर काही काळा रंग फेकत नाही. पडद्यावर आधीच जेवढा उजेड आहे, त्याहून काळं काही दिसणार नाही. दुकानदाराला विचाराल तर तो जास्त ल्युमेनचं, म्हणजे जास्त उजेडाचं मशीन गळ्यात मारणार. ल्युमेन वाढवले की चंद्र डोळ्यात खुपतो आणि मशीनचा स्वतःचा ‘काळा’ही तेवढाच उजळतो. बघायचा तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्यातला फरक, पण तो कोणी सांगत नाही.

शेवटी सगळ्यांना जागेवर बसवलं आणि नोटेशनच्या स्टँडवरचा एकेक दिवा विझवत गेलो. दिव्यांना काळ्या कार्डपेपरच्या टोप्या होत्याच. खरा चोर निघाला नोटेशनचा कागद! पांढराशुभ्र झेरॉक्स पेपर दिव्याचा उजेड उचलून थेट पडद्यावर फेकत होता. सगळे पार्ट्स फिक्या बदामी कागदावर काढले (मेन रोडवर सहज मिळाला), दिवे पिवळे आणि मंद केले, पडदा हातभर वर घेतला. व्हायोलावाले काका थोडे कुरकुरले, पण वाचता येतंय म्हणाले. कालच्या सरावात चंद्राच्या रेघेभोवतीचं पाणी चक्क काळं दिसलं.

आता नदीवरचा सेंट जॉन प्रपात. संगीतात तो नुसता उसळतो, पण प्रत्यक्षात श्तेखोवित्से धरणाच्या पाण्याखाली केव्हाच गेलाय. आजचा फोटो लावावा तर गंगापूर धरणासारखं संथ पाणी. जुने कृष्णधवल फोटो लावायचे असं ठरलं होतं, पण हे लिहितानाच वाटतंय, तिथे फोटोच नको. प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर पुठ्ठा, मिट्ट काळोख आणि फक्त वाद्यं. मग नदीची धून ई मेजर या उजळ स्वरश्रेणीत उलगडते तिथे पुठ्ठा बाजूला, आणि समोर प्राग. १८७४ साली ऐकू येणं बंद झालेलं असताना स्मेतानानं हे लिहिलं. घटकाभर काही न बघता ऐकायला आपली काय हरकत?

सॉफ्टवेअरमधून पडदा कोरा करणारा ‘ब्लँक’ चालणार नाही, त्यातूनही राखाडी झिरपतंच. पुठ्ठा हातानेच सरकवावा लागेल आणि सरकवणाऱ्याला स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) वाचता यायला हवा. रविवारी कोण येतंय?