लाओशींनी न दिलेली साक्ष

लाओशींना जाऊन सात महिने झाले. लाओशी म्हणजे चिनी भाषेत गुरुजी. ऑफिसात बाकीचे त्यांना आडनावाने हाक मारत, पण मी पहिल्या आठवड्यापासून लाओशीच म्हणत आले, आणि त्यांच्या पत्नीला शिमू, म्हणजे गुरुपत्नी.

१९९८ साली मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये त्यांच्या इंजिनिअरिंगच्या ऑफिसात नोकरीला लागले. त्यांनी मला पहिलं काम दिलं ते जुन्या पुलांच्या नकाशांवर कॉलममधल्या रिंगा मोजायचं. कॅलिफोर्नियात १९७१च्या सान फर्नांडो भूकंपाआधी बांधलेल्या कॉलममध्ये उभ्या सळया भरपूर असत, पण त्यांना वेढणाऱ्या रिंगा बारीक आणि फूट-फूटभर अंतरावर. जमीन हलली की आधी बाहेरचं काँक्रीट झडतं, मग सळया बाहेर फुगतात आणि आतला भुगा सांडतो. उपाय म्हणजे कॉलमभोवती पोलादी कवच बसवायचं आणि मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं. लाओशी प्रत्येक कवचाची जाडी संगणकाने दिल्यावरही हाताने पुन्हा काढत. मी एकदा म्हटलं, "सॉफ्टवेअरने तपासलंय की." ते म्हणाले, "सॉफ्टवेअर या पुलावरून घरी जात नाही."

हे का म्हणाले ते मला सात-आठ वर्षांनी कळलं.

त्यांचं बालपण उत्तर चीनमधलं. १९६६ला सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, चर्चं बंद पडली, घरातलं बायबल आईने स्वतःच चुलीत घातलं. पुढे लाओशींना ईशान्य चीनमधल्या हेइलोंगजियांग प्रांतात शेतावर पाठवलं. १९७७च्या डिसेंबरात अकरा वर्षांनी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा झाली. ५७ लाख जण बसले, २.७ लाखांच्या आसपास निवडले गेले, त्यात हे एक. १९८४ला अमेरिकेत आले तेव्हा शिमू आणि वर्षाची मुलगी मागेच राहिल्या. फोन परवडत नव्हता, म्हणून कॅसेटवर गोष्टी सांगून ते दर पंधरवड्याला टपालाने पाठवत. तीन वर्षांनी विमानतळावर लेकीने त्यांचा चेहरा ओळखला नाही. ते बोलले मात्र, आणि ती धावत आली. हे सांगताना ते दर वेळी थांबत.

त्या एकटेपणाच्या वर्षांत कुणीतरी त्यांना शुक्रवारच्या चिनी बायबल अभ्यासाला नेलं. आधी सगळ्यांनी मिळून जेवायचं, मग वाचन. ते जात ते गरम जेवणासाठी, असं त्यांनीच मला सांगितलं. एका शुक्रवारी बायबलमधलं २३वं स्तोत्र निघालं. हिरवी कुरणं, संथ पाणी. लाओशींचा घास हातातच राहिला. शिवताना, कणीक मळताना आई ज्या ओळी पुटपुटायची त्या याच होत्या. इतकी वर्षं ते त्याला गावाकडचं काहीतरी गाणं समजत होते. पुस्तक जाळणाऱ्या आईने ते तोंडपाठ ठेवून लेकाच्या कानावर घातलं होतं, आणि त्याला कुठे चुकून बोलता येऊ नये म्हणून काय आहे ते सांगितलं नव्हतं. त्यांचा विश्वास तिथून सुरू झाला.

१७ ऑक्टोबर १९८९ला ती आई अमेरिकेत आली. लाओशींचं ऑफिस ओकलंडला, घर एल सेरिटोला. रोज पाचच्या सुमारास ते सायप्रस व्हायाडक्टच्या, म्हणजे ओकलंडमधल्या दुमजली उन्नत महामार्गाच्या, खालच्या मजल्यावरून घरी जात. त्या दिवशी दुपारीच रजा टाकून सान फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर गेले. संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. सायप्रसचा वरचा मजला खालच्यावर बसला. १९५७चं बांधकाम, सांध्यांत रिंगा जवळजवळ नव्हत्याच. तिथे ४२ माणसं गेली. खाडीवरच्या बे ब्रिजचाही तुकडा पडला होता, म्हणून आईला घेऊन खाडीला वळसा घालत ते मध्यरात्री घरी पोचले.

त्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना वाटलं की त्यांनी उभं राहून साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. आई आली म्हणून लेक वाचला, याहून मोठी साक्ष कोणती? लाओशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी वाचलो ही कृपा असं इथे म्हणालो, तर त्या घरांत जाऊन काय म्हणू?" मग मेलेल्यांसाठी प्रार्थना केली आणि बसले. काही जण दुखावले. सोमवारी त्यांनी साहेबांकडे इमारतींच्या कामातून पुलांच्या कामावर बदली मागितली.

मला वाटतं, ते बरोबर होते. देवाचे आभार त्यांनी मानले नाहीत असं नाही. पुढची पंचवीस वर्षं ते कवचांची जाडी हाताने काढत राहिले. बढती दोनदा नाकारली, कारण त्यात प्रवास होता आणि आईला रात्रीचं जेवण त्यांच्याच हातून लागायचं. शेवटी तिला माणसं ओळखू येईनात, पण ओळी येत होत्या.

सायप्रसच्या जागी आता झाडांचा रस्ता आहे, मंडेला पार्कवे, आणि तिथे एक छोटं स्मारक-उद्यान. दर १७ ऑक्टोबरला लाओशी घरच्यांना घेऊन तिथे जात. यंदा शिमूंनी मलाही बोलावलं. आम्ही पाच जण उभे होतो, बाजूने मोटारी जात होत्या. नातवाने घड्याळ पाहून सांगितलं, पाच चार. शिमू हलक्या आवाजात, सासूबाईंच्या हेलात, म्हणू लागल्या. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. आता कुरणापाशी आल्या असतील असं वाटलं, तेव्हा मी डोळे मिटले.